परवाना मिळाला; पुढे काय?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला. त्या आनंदात मीही सहभागी आहे. परंतु ज्यांची नावे या व्यासपीठावरून कधी पुकारली जात नाहीत, अशा काही मुलांविषयी चार शब्द बोलण्याची परवानगी मी चिटणीसांकडे मागितली आणि त्यांनी ती दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. या मुलांच्या खिशात अवजड वाहन चालविण्याचा नवा कोरा परवाना आहे. आणि तो असूनही त्यांना ट्रक मिळत नाही.

मुलगा कळंबोलीस जावो, भिवंडीच्या गोदामांत जावो, की निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात जावो, त्याला एकच प्रश्न विचारला जातो: “किती वर्षं गाडी चालवलीस?” अनुभवावाचून गाडी नाही आणि गाडीवाचून अनुभव नाही, असा हा पेच आहे. मालकालाही दोष देता येत नाही. गाडीवर कर्जाचा हप्ता चालू असतो, हौद्यात परक्याचा माल असतो, आणि ते सारे रात्रीच्या वेळी एका अनोळखी मुलाच्या हाती सोपवावयाचे असते. म्हणून तो ओळखीचा माणूस शोधतो. या धंद्यात परवान्याइतकेच मोल ओळखीच्या शब्दाला आहे. आणि नेमकी येथेच माझ्या हातून एक चूक झाली. ती आज आपणांसमोर सांगतो.

२०११ साली माझा एक जुना विद्यार्थी माझ्याकडे आला. तीन महिने वणवण करून तो खचला होता. वडील आजारी, घरात दुसरा मिळविता नाही. माझ्या परिचयाचे एक वाहनमालक होते. मी त्यांना चिठ्ठी लिहिली: “या मुलास मालवाहतुकीचा दोन वर्षांचा अनुभव आहे.” ते खोटे होते. एका गरीब घराची चूल पेटेल, या विचाराने मी ते लिहिले आणि त्यात मला परोपकारच वाटला. मालकांनी माझ्या शब्दाखातर दुसऱ्याच दिवशी त्याला गाडी दिली.

दुसऱ्या महिन्यात तो लासलगावचा कांदा घेऊन न्हावा-शेवा बंदराकडे निघाला. कसारा घाटाच्या उतारावर डिझेल वाचावे म्हणून त्याने गाडी न्यूट्रल केली. कोणी तरी ऐकीव शहाणपण त्याला शिकविले होते. गिअर सुटला की इंजिनाचा आवर सुटतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. चाकांतून धूर निघू लागला. प्रसंगावधान राखून त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून दरी टळली. परंतु शेजारी बसलेल्या क्लीनरचा पाय मोडला. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा साधा नियम त्याला कोणी शिकविलाच नव्हता. आणि तो शिकलेला आहे असे मी लिहून दिले होते.

मालक माझ्या घरी आले. माझी चिठ्ठी त्यांनी टेबलावर ठेवली आणि एवढेच विचारले, “गुरुजी, हे अक्षर तुमचंच ना?” इतकी वर्षे मी मुलांच्या वह्या तपासल्या, परंतु स्वतःच्या अक्षराची अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्यानंतर तो मुलगा एका वयस्क चालकाच्या हाताखाली क्लीनर म्हणून राहिला. ताडपत्री कशी बांधावी, दोर कसे आवळावेत, चाकांवर हात ठेवून उष्णता कशी ओळखावी, वजनकाट्यावर आकडा स्वतः कसा पाहावा, झोप आली तर गाडी बाजूला घेण्याची लाज कशी बाळगू नये, हे सारे तो तेथे शिकला. प्रथम दिवसा, मोकळ्या गाडीवर, सपाट रस्त्यावर त्याच्या हाती चाक आले. मग भरलेली गाडी. घाट सर्वांत शेवटी. आज तो उत्तम चालक आहे.

तेव्हा तरुणांना माझे सांगणे असे की, पायऱ्या गाळू नका. कायद्यानेही पायऱ्याच घातल्या आहेत. मालवाहू वाहनासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण हवीत आणि त्याच्या शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. या मधल्या काळाचा उपयोग करा. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास मालासह एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत असलेले मालवाहू वाहनही चालविता येते. म्हणजे वीस वर्षांच्या मुलाला बाजार समितीत भाजी नेणारा छोटा टेंपो ही पहिली शाळा होऊ शकते.

काम स्वीकारताना पगार किती, खेपेचा भत्ता किती, आणि जादा माल भरल्यास दंड कोणी भरावयाचा, हे आधीच विचारा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात जादा वजनाचा दंड वीस हजार रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनास दोन हजार, असा आहे. गाडीचा विमा व योग्यता प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहा. कोऱ्या कागदावर सही करू नका.

आता वडीलधाऱ्यांस व भगिनींस एक विनंती. पदवी घेऊन चार वर्षे घरी बसलेला मुलगा आपल्याला खपतो. परंतु ‘क्लीनर’ हा शब्द उच्चारताना आपली मान खाली जाते. सोयरीक ठरविताना तर तो शब्द आपण लपवितोच. या खोट्या प्रतिष्ठेपायी मुले शिकण्याची पायरी गाळतात आणि आम्हांसारखे लोक खोट्या चिठ्ठ्या लिहितात. घाटाला मात्र चिठ्ठी वाचता येत नाही.

मंडळासमोर माझी एक सूचना आहे. आपल्या सभासदांत अनेक वाहनमालक आहेत. प्रत्येकाने वर्षातून एका नव्या परवानाधारकास अनुभवी चालकाबरोबर शिकाऊ म्हणून घ्यावे आणि त्याला जेवणखाण व वाजवी वेतन द्यावे. मंडळाने अशा मुलांची एक वही ठेवावी. मुलगा निर्व्यसनी आहे, प्रामाणिक आहे, याची हमी मंडळाने अवश्य द्यावी. परंतु त्याच्या कौशल्याविषयी ज्याने शेजारी बसून पाहिले असेल त्यानेच लिहावे.

ती वही लिहिण्याचे काम मंडळाने मजकडे सोपविल्यास मी ते आनंदाने करीन. अक्षर माझेच असेल; आणि या वेळी त्याखालचा मजकूरही खरा असेल.