राजीनामा कशाबद्दल मागावा?



राजीनाम्याची मागणी हे लोकशाहीतील एक धारदार शस्त्र आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने सत्तेचा हिशेब द्यावा आणि हिशेब देता येत नसेल तर जागा सोडावी, एवढाच तिचा अर्थ. परंतु हे शस्त्र कोणत्याही कारणासाठी उपसले जाऊ लागले की त्याची धार बोथट होते आणि खरा हिशेब मागण्याची वेळ येते तेव्हा ते निरुपयोगी ठरते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा ज्या मोटारधंद्यावर जगतो, त्याच धंद्याच्या जगात 2008 साली घडलेले एक प्रकरण या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.

मोटार-शर्यतींचे जागतिक नियमन करणारी एफआयए ही संघटना. मॅक्स मोझ्ली हे 1993 पासून तिचे अध्यक्ष होते. 30 मार्च 2008 रोजी ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या लंडनच्या साप्ताहिकाने त्यांच्या खाजगी लैंगिक वर्तनाची चित्रे छापली. त्यात सहभागी असलेल्या स्त्रिया प्रौढ होत्या व जे घडले ते परस्परसंमतीने घडले होते. त्यांपैकी एकीने वृत्तपत्राशी पैशाचा करार करून आत छुपा कॅमेरा नेला होता. या प्रकाराला नाझी विटंबनेचे स्वरूप होते, असाही आरोप पत्राने केला. मॅक्स हे ब्रिटिश फॅसिस्ट पुढारी ऑस्वाल्ड मोझ्ली यांचे चिरंजीव असल्यामुळे आरोपाला चांगलीच फोडणी मिळाली.

लगोलग राजीनाम्याची मागणी सुरू झाली. बीएमडब्ल्यू व मर्सिडीज या कंपन्यांनी संयुक्त पत्रक काढून प्रकाराचा निषेध केला. होंडा व टोयोटा यांनीही नापसंती कळविली. ज्या मर्सिडीजच्या मोटारी त्या वर्षी पिंपरीत जुळविल्या जात होत्या, तीच ही कंपनी. मोझ्ली यांनी उत्तर दिले की, दुसऱ्या महायुद्धातील या दोन कंपन्यांचा इतिहास पाहता त्यांना अशा गोष्टीपासून दूर राहावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. टोमणा झोंबणारा होता, कारण त्या काळात दोन्ही कंपन्यांच्या कारखान्यांतून सक्तीच्या मजुरांना राबविण्यात आले होते.

पुढे 3 जून 2008 रोजी पॅरिसच्या सभेत मोझ्ली यांच्या बाजूने 103 व विरुद्ध 55 मते पडली. 24 जुलै रोजी लंडनच्या न्यायालयाने वृत्तपत्राला 60 हजार पौंड भरपाई देण्यास सांगितले. नाझी विटंबनेचा आरोप पुराव्याने टिकला नाही आणि हे प्रसिद्ध करण्यात लोकहित नव्हते, असा निर्वाळा न्यायमूर्ती ईडी यांनी दिला. मात्र तसा आरोप सिद्ध झाला असता तर लोकहिताचा प्रश्न वेगळा ठरू शकला असता, असेही त्यांनी सूचित केले. हा विवेक महत्त्वाचा आहे. वंशद्वेष ही सार्वजनिक बाब आहे, शय्यागृह ही नव्हे. आणि बापाचा फॅसिझम मुलाच्या खात्यावर मांडणे, हा तर वंशवादाचाच एक प्रकार झाला.

येथे एक आक्षेप निघेल. त्या स्त्रियांना पैसे दिले गेले होते. पैशाने विकत घेतलेल्या संबंधांना समाजवाद्याने मान डोलवावी काय? मुळीच नाही. परंतु एखाद्या वर्तनाला नापसंती दर्शविणे वेगळे आणि त्याबद्दल पद हिरावून घेणे वेगळे. नापसंतीला तर्क पुरतो. पद काढून घेण्यास मात्र पदाचा गैरवापर दाखवावा लागतो.

तसा हिशेब मागण्याजोगे विषय त्या अध्यक्षपदापाशी थोडेथोडके नव्हते. 2007 साली एफआयएने मॅकलॅरेन संघाला 10 कोटी डॉलरचा दंड केला. त्या संघात मर्सिडीजची भागीदारी होती. 2009 साली संघांच्या खर्चावर 4 कोटी पौंडांची मर्यादा घालण्याचा बेत आला, तेव्हा बड्या संघांनी वेगळी स्पर्धा काढण्याची धमकी दिली. जूनमध्ये तडजोड झाली आणि मोझ्ली पुन्हा उभे न राहता ऑक्टोबरमध्ये पायउतार झाले. हे वाद सत्तेचे व पैशाचे होते. त्यांवर उघड चर्चा होणे योग्यच होते. वर्तमानपत्री गवगवा मात्र झाला तो शय्यागृहाचा.

आता चाकणकडे वळू. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या धडक-चाचणीचे निकाल जाहीर केले. पाचही मोटारींना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेत शून्य तारे मिळाले. त्यांत चाकणच्या कारखान्यात तयार होणारी, एअरबॅग नसलेली फोक्सवागन पोलो होती. दोन एअरबॅग असलेल्या त्याच मोटारीला चार तारे मिळाले. म्हणजे सुरक्षितता कशी साधायची हे कंपनीला ठाऊक होते. स्वस्त मोटारीतून ती वगळण्यात आली होती. निकालानंतर कंपनीने एअरबॅगविना विक्री थांबविली. या संस्थेचे अध्यक्ष होते मॅक्स मोझ्ली! चालकासाठी एअरबॅग भारतात सक्तीची झाली ती जुलै 2019 मध्ये. दरम्यान शून्य ताऱ्यांच्या मोटारी रस्त्यावर धावत राहिल्या, त्याबद्दल किती संचालकांचे राजीनामे मागितले गेले?

राजीनाम्याचे योग्य उदाहरणही याच कंपनीचे आहे. डिझेल इंजिनात चाचणीला फसविणारी योजना बसविल्याचे 2015 मध्ये उघडकीस आले, तेव्हा फोक्सवागनचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांना पद सोडावे लागले. तेथे कोणी त्यांचे घर धुंडाळले नाही. कंपनीच्या कारभाराचा जाब मागितला.

खाजगीपणाच्या या तत्त्वाला एक मर्यादा आहे व ती ठासून सांगितली पाहिजे. वरिष्ठाने हाताखालच्या स्त्रीशी केलेला व्यवहार ‘खाजगी’ म्हणून झाकता येत नाही. जिची पाळी, पगार आणि कंत्राटाचे नूतनीकरण ज्याच्या सहीवर अवलंबून आहे, तिच्या संमतीला मोकळेपणा उरत नाही. 1997 चा विशाखा निकाल व 2013 चा कायदा याचसाठी आहेत. तेथे राजीनामाच काय, शिक्षाही मागितली पाहिजे.

पण हा विवेक कामगाराने का करावा? बड्या माणसाची अब्रू गेली तर त्याचे काय जाते? उत्तर त्याच वृत्तपत्राच्या कथेत आहे. खून झालेल्या एका शाळकरी मुलीच्या दूरध्वनीवरील निरोपही त्याच्या माणसांनी चोरून ऐकल्याचे उघड झाले आणि जुलै 2011 मध्ये ते पत्र बंद पडले. बड्यांच्या दारावर चालविलेली पहार गरिबाच्या दाराशी थांबत नाही. बड्याजवळ वकील असतो, गरिबाजवळ तोही नसतो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून र. धों. कर्वे यांना 1925 मध्ये विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. नीतीच्या नावाने भाकरी हिरावून घेण्याची चाल जुनी आहे. आजही ‘नैतिक अधःपतन’ हा लवचीक शब्द कामगाराच्या डोक्यावर टांगलेला आहे. नोकरी बजावताना असे कृत्य केल्यास ग्रॅच्युइटी जप्त करण्याची तरतूद 1972 च्या कायद्यात होती. त्यासाठी फौजदारी न्यायालयात गुन्हा शाबीत होण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये ठरविले. त्या प्रकरणांत खोटी जन्मतारीख आणि तिकिटाच्या पैशांचा अपहार होता हे खरे. परंतु चौकशी-अधिकारी व्यवस्थापनानेच नेमलेला असतो, हे ज्याने खातेचौकशी पाहिली आहे त्याला सांगायला नको. म्हणून ‘नोकरी बजावताना’ हे दोन शब्द संघटनेने डोळ्यांत तेल घालून जपले पाहिजेत.

विरोधी पक्षाचा पुढारी एखाद्या खाजगी भानगडीत सापडला की मोर्चा काढण्याचा मोह कार्यकर्त्याला होतो. त्या मोर्च्याला गर्दीही जमते. अशा वेळी त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पदाचा वापर झाला काय? दुबळ्यावर जबरदस्ती झाली काय? सार्वजनिक पैसा वा जीव धोक्यात आला काय? एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर राजीनामा मागावा, आणि तो आपल्या पक्षाच्या माणसाचाही मागावा. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर फलक खाली ठेवावा. सुरक्षा-कवच नसलेल्या प्रेसमध्ये बोटे गमावलेल्या कामगाराचा हिशेब अजून बाकी आहे; मोर्चा त्या कारखान्याच्या दाराकडे वळवावा.