डेटा लॉगरची जोडणी: आधी वीज, मग संपर्क

गडचांदूरचा परिसर सिमेंट उद्योगाचा. सिमेंटसह 17 प्रवर्गांतील प्रदूषणकारी उद्योगांनी धूर आणि सांडपाण्याची ऑनलाइन नोंद ठेवावी, असे निर्देश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये दिले. चिमणीतली धूळ मोजतो तो सेन्सर; ती मोजमापे साठवून पुढे पाठवतो तो डेटा लॉगर.

जोडणी मुख्य स्विच बंद करून, अर्थिंगपासून सुरू होते. अनेक औद्योगिक लॉगर 24 व्होल्ट डीसीवर चालतात. नेमका आकडा यंत्रावर छापलेला असतो. धन तार फ्यूजमधून प्लस टर्मिनलला, ऋण तार मायनसला जोडतात. प्रत्येक तार हलकेच ओढून स्क्रू घट्ट असल्याची खात्री करावी. वीज गेली तरी नोंद तुटू नये, यासाठी बॅटरी हवीच.

पुढे संपर्क. सेन्सर 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल देतो किंवा आरएस-485 केबलने माहिती पाठवतो. ही केबल सुमारे 1200 मीटरपर्यंत चालते; लांब केबलच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रोध लावतात. बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) आणि पॅरिटी (चूक ओळखण्याची खूण) सेन्सर आणि लॉगर दोन्हीकडे सारखी, पत्ता मात्र प्रत्येक उपकरणाचा वेगळा. लॉगरची माहिती सर्व्हरकडे पाठवणाऱ्या मोडेमचा अँटेना लोखंडी पेटीबाहेर बसवावा.

शेवटी वीज सुरू करून सेन्सर, लॉगर आणि सर्व्हर यांवरील आकडे ताडून पाहतात. तिन्ही जुळले, की जोडणी पूर्ण झाली.