बाईचं नाव वहीत हवं

आखाडा बाळापूरहून तुमची बचत गटाची ताई बोलतेय. दसरा झाला की आपल्यातल्या काही जणी ऊसतोडीला निघतात. आज ऊस तोडायला समुद्रापार गेलेल्या मराठी घरांची गोष्ट सांगते.

मॉरिशस हे हिंदी महासागरातलं छोटं बेट. 1834 पासून इंग्रजांनी तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी भारतातून कराराचे मजूर नेले. रत्नागिरीकडची माणसं मुंबई बंदरातून गेली. करार संपल्यावरही बरीच तिथंच राहिली. त्यांची पतवंडं आज घरात क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकतात. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुटी असते.

उतरल्यावर प्रत्येकाला नंबर मिळायचा. नाव, वय, गाव वहीत लिहिलं जायचं, बाईचंसुद्धा. ती नोंद मालकाच्या सोयीची होती. पण मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेनं त्या वह्या जपल्या. म्हणून आज पतवंडांना पणजीचं गाव शोधता येतं.

आपल्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हाती. मागच्या बैठकीत एका ताईला विचारलं, किती वर्षं तोडणी केली? म्हणाली, "बारा." कागद? एकही नाही.

म्हणून निघण्याआधी दोन कामं करा. ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून स्वतःच्या नावाची नोंद करून ओळखपत्र मागा. आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा: कारखाना, मुकादम, उचल किती, सोबत लेकरं कोण. लिहिता येत नसेल तर मी लिहिते, तुम्ही सांगा.