चोळी-बांगडीचा मुलूख : सतराव्या शतकातील दोन कुटुंबव्यवस्था
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करण्याची आपली रीत आहे. बेंगळुरूत मराठी माणूस हे स्मरण करू लागला की शहाजीराजांचे नाव ओघानेच येते. त्यांचे शौर्य आपण पुष्कळ ऐकले आहे. आज मी त्यांच्या घराविषयी बोलणार आहे. सोबतीला त्याच काळातील इंग्लंडचे घर घेणार आहे, कारण शेजारी दुसरा दिवा असला की आपले घर अधिक स्पष्ट दिसते.

‘पूर्वी सगळे एकत्र नांदत’ असे आपण सहज म्हणतो. शहाजीराजांचे कुटुंब मात्र एका छपराखाली फारसे कधी नांदले नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने केंपेगौडांकडून बेंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जिजाबाई व शिवाजीराजे पुण्यास राहिले. १६४० च्या सुमारास ते काही काळ येथे येऊन गेले. थोरले संभाजी आणि तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी वडिलांजवळ दक्षिणेत वाढले. एक कुटुंब, पण चुली दोन, आणि मधे शेकडो कोसांची वाट. चाकरी जिकडे नेई तिकडे घर जाई. पोटापाण्यासाठी या शहरात आलेल्या आपल्या कुटुंबांना हे चित्र परके वाटू नये.

इंग्लंडविषयीही असाच एक समज होता, की तेथेही पूर्वी तीन-तीन पिढ्या एकत्र राहत आणि कारखाने आल्यावर कुटुंबे मोडली. पीटर लॅस्लेट या इतिहासकाराने गावोगावच्या जुन्या याद्या मोजल्या. त्यांत घरटी सरासरी पाचांहूनही कमी माणसे निघाली, आणि हे कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून. मुले कोवळ्या वयातच दुसऱ्याच्या घरी चाकरीला किंवा धंदा शिकायला जात. १५६३ च्या कायद्याने उमेदवारीची मुदत सात वर्षे ठरवली होती. मुलींची लग्ने साधारण पंचविशीत होत, कारण स्वतंत्र चूल मांडण्याइतकी पुंजी जमल्यावाचून लग्नच करता येत नसे. आपल्याकडे लग्न आधी आणि संसार मागाहून. तेथे संसाराची तयारी आधी आणि लग्न मागाहून.

तथापि कुटुंबाची खरी ओळख नांदण्यात होत नाही, ती वाटणीत होते. धाकट्याला काय मिळाले आणि सुनेला व लेकीला काय मिळाले, हे विचारले म्हणजे घराचा स्वभाव कळतो.

प्रथम धाकट्याचे पाहू. इंग्लंडच्या जमीनदार घराण्यांत जमीन थोरल्याकडे जाई. धाकट्यांनी धर्मपीठ, वकिली, सैन्य किंवा व्यापार धरावा. १६६४ च्या जानेवारीत शिवाजीराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झिंडेन हा केंट परगण्यातील एका सरदार घराण्याचा तिसरा मुलगा होता. त्याच महिन्यात शहाजीराजांचा होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून अंत झाला. त्यांची समाधी आजही चन्नगिरी तालुक्यात आहे. त्यांच्या मागे वाटणीचा प्रश्न उभा राहिला.

आपली रीत वेगळी होती. वडिलार्जित मिळकतीत पुत्राला जन्मतःच हक्क, हे सांगणारी ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने याच कर्नाटकात, चालुक्यांच्या कल्याण नगरीत लिहिली. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात शिवाजीराजांनी व्यंकोजीराजांकडे वडिलांच्या दौलतीतील अर्धा वाटा मागितला तो याच न्यायाने. कोल्लिडम नदीकाठी भाऊ भेटले, पण बोलणे फिसकटले आणि व्यंकोजी रातोरात निघून गेले. पुढे वालिकोंडापुरम येथे लढाई झाली. शिवाजीराजांच्या बाजूने लढणारे संताजी हेही शहाजीराजांचेच पुत्र! थोरल्यास सर्व देणारी रीत धाकट्यास देशोधडीस लावते, आणि सर्वांस वाटा देणारी रीत भावांना रणांगणावर आणते. निर्दोष वाटणी दोहोंकडे नव्हती.

आता स्त्रीचे पाहू. इंग्लंडच्या कायद्यात लग्न होताच स्त्रीची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. १८८२ पर्यंत विवाहितेस स्वतःच्या नावे मिळकत बाळगण्याचा पूर्ण हक्क नव्हता. श्रीमंत बापांनी यातून एक वाट काढली. विवाहकरारातच मुलीच्या हातखर्चासाठी वार्षिक रक्कम लिहून घ्यायची. तिला ते ‘टाचण्यांचा पैसा’ म्हणत.

आणि आपल्याकडे? व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंनी पतीला समजावले व समेट घडला, असे बखरी सांगतात. तेव्हा १९ कलमांचा तह झाला. त्यातील एका कलमाने शिवाजीराजांनी बेंगळूर, होसकोटे व शिरे हा दोन लाखांचा मुलूख भावजयीला चोळी-बांगडीसाठी दिला, आणि तो पुढे लेकींच्या वंशात चालावा असे लिहिले. तिकडे टाचण्या, इकडे चोळी-बांगडी. नावे किरकोळ वस्तूंची, पण आशय एकच : हे धन तिचे. मात्र तिकडे तो बापाने नवऱ्यापासून राखलेला पैसा होता. इकडे दिराने भावजयीच्या नावे मुलूख लिहिला, तोही लेकीकडून लेकीकडे जाणारा. आपण आज जेथे बसलो आहोत ते शहर, निदान कागदावर, एका बाईचे स्त्रीधन होते.

हा अपवाद होता, हे विसरू नये. सामान्य घरातील लेकीला वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा नव्हता. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी अविवाहित मुलींना तो १९९४ मध्ये दिला, आणि देशभर सर्व मुलींना तो २००५ मध्ये मिळाला. दीपाबाईंचा मुलूखही टिकला नाही. १६८७ मध्ये मोगलांनी बेंगळूर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले.

एका गोष्टीत इंग्लंड आपल्याहून भाग्यवान ठरले. १५३८ पासून तेथे गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद होऊ लागली. म्हणून तेथील साध्या शेतमजुराचेही कुटुंब इतिहासात सापडते. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, पण राजघराण्यांखेरीज इतरांच्या लेकी-सुना कागदावर क्वचितच येतात.

मंडळी, म्हणूनच माझी विनंती आहे. या शाळेची साठ वर्षांची प्रवेशपुस्तके हा या शहरातील मराठी कुटुंबांचा दप्तरखाना आहे. ती जपा. त्यांत जे नाही ते घरोघरी विचारून लिहून घ्या : कोणत्या गावाहून आलो, कोणत्या धंद्यासाठी आलो, आजीचे माहेर कोणते, तिच्या वाट्याला काय आले. विद्यार्थ्यांनी हे काम या वर्षीच हाती घ्यावे, कारण सांगणाऱ्या आज्या फार दिवस थांबणार नाहीत.

मुलूख गेला, पण दीपाबाईंचे नाव राहिले, कारण ते कोणीतरी लिहून ठेवले होते. आपल्या घरच्या दीपाबाईंची नावे आपण लिहू या.