झाडीचे जेवण, पाहुण्याच्या पानात

(मार्कंडा येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मोहाचे फूल हे आधी अन्न आहे, दारू त्यानंतर. हे वाक्य मी इथे, वैनगंगेच्या काठावर, मुद्दाम सुरुवातीलाच बोलतो आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. गावोगावच्या बाया त्यासाठी लढल्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण या सगळ्यात एक नुकसान झाले. मोहाचे नाव काढले की लोकांना हातभट्टी आठवते, लाटा आठवत नाही.

लाटा कसा करतात, हे इथल्या म्हाताऱ्या बायांना मी काय सांगावे! मुलांसाठी सांगतो. वाळवलेली फुले निवडायची, आतले केसर काढून टाकायचे, कोरड्या तव्यावर मंद आचेवर ती टरारून फुगेपर्यंत भाजायची. तीळ वेगळे भाजायचे, आणि दोन्ही उखळात घालून तेल सुटेस्तोवर कुटायचे. त्याचे मुठीएवढे लाडू बांधले की लाटा झाला. गूळ नाही, साखर नाही. गोडी फुलाची आणि स्निग्धपणा तिळाचा. हीच फुले उकळून, गाळून, तो रस आटवला की राब होते. गूळ विकत घेणे परवडत नव्हते तेव्हा घरातली सगळी गोडी या राबेची होती. फुलांमागून फळे येतात, फळातल्या बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल निघते. ते थंडीत गोठते. आपल्या आज्यांनी त्यातच तळण तळले आणि त्याचाच दिवा लावला. एकच झाड साखर देते, तेल देते आणि सावलीही देते. गावाच्या शेतात इतर झाडे तुटली तरी मोह उभा राहिला, तो यामुळे.

आणि हे अन्न फुकट मिळत नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे अंधारात बाया टोपली घेऊन झाडाखाली जातात, वाकून एकेक फूल वेचतात. ब्रह्मपुरीकडच्या आणि इकडच्याही जंगलांत मोह वेचताना वाघाने माणसे मारली आहेत. लाटा खाताना हे विसरू नये. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची सवयही आपण सोडली पाहिजे. त्या आगीने जंगल जळते, आणि जंगल जळाले तर पुढच्या पिढीला वेचायला काय उरेल?

भामरागड, एटापल्लीकडचे माडिया आदिवासी बांधव नवे फळ, नवे धान्य पंडुम, म्हणजे त्याचा सण, केल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. आंब्याचा मरका पंडुम झाल्याशिवाय झाडाला आंबा लागलेला असला तरी तो खायचा नाही. याला कोणी अंधश्रद्धा म्हणेल. मला त्यात मोठे शहाणपण दिसते. फळ धरू द्यावे, कोय पक्की होऊ द्यावी, आधी देवाला आणि सगळ्या गावाला मिळू द्यावे, मग घरात न्यावे. शिवरात्रीच्या यात्रेत आपण महादेवापुढे कवठ, बोरे ठेवतो, तेही ऋतूतले पहिले फळ देवाला देणेच आहे.

आता धान. झाडीचा, म्हणजे आपल्या या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा, माणूस धानाशिवाय जगत नाही. पेज, आंबील, भात, तांदळाच्या पिठाची भाकर, सणाला अनारसे. आणि या धानाच्या मागे कोण उभे आहे? नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. थोडीशी शेती, शिक्षण बेताचे. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या बांधीत वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या आणि त्यातून एचएमटी वाण आला. आज तो तांदूळ कुठल्या कुठे पोचला आहे. ३ जून २०१८ ला दादाजी गेले. ज्यांच्या पानात रोज एचएमटीचा भात असतो, त्यांतल्या कितीकांना हे नाव ठाऊक आहे? मला याचे फार वाईट वाटते.

धान कापण्याआधी त्याच ओल्या बांधीत आपण लाखोळीच्या डाळीचे बी फेकतो. नांगरट नाही, पाणी नाही, तरी डाळ पिकते. लाखोळीचे वडे, लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी. या डाळीने पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. दुष्काळात महिनोन्महिने फक्त हीच डाळ खाणाऱ्यांना तो रोग झाला, हे खरे आहे. ते लपवू नये. पण डाळ भिजवून पाणी फेकून देण्याची रीत आपल्या घरांत आहेच, आणि विषद्रव्य कमी असलेले ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखे वाणही आता आले आहेत. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या डाळीसाठी वर्षानुवर्षे झुंज दिली, आणि २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. डाळ मिसळीच्या जेवणात खावी, नुसत्या तिच्यावर राहू नये, एवढे सांभाळले की पुरे.

इथे मला मिथिलेची आठवण येते. बिहारच्या उत्तर भागातला दरभंगा, मधुबनीचा तो मुलूख आपल्यासारखाच आहे: तळी, भात, मासे. तिथल्या तळ्यांत मखाना होतो. मल्लाह लोक पाण्यात उतरून तळाच्या गाळातून काळ्या बिया काढतात, त्या भाजून फोडल्या की पांढरी लाही होते. कोजागिरीला मुलीच्या माहेरून नव्या जावयाच्या घरी मखाना आणि पान जाते, आणि ते सगळ्या गावात वाटतात. छठ पूजेला कणीक, गूळ आणि तुपाचा ठेकुआ असतोच; दुकानातली मिठाई त्याची जागा घेऊ शकत नाही. २०२२ मध्ये ‘मिथिला मखाना’ला भौगोलिक मानांकन मिळाले. तळ्याच्या गाळातले अन्न, पण त्या लोकांनी ते कधी लपवले नाही.

आपल्याकडे काय कमी आहे? कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत, मालगुजारीच्या काळातल्या हजारो बोड्या-तलाव आहेत. मासेमारी करणारे ढिवर बांधव त्यांत शिंगाडा लावतात, मरळ मासे आणि झिंगे धरतात. दिवाळीनंतर मंडई भरते, तेव्हा उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या दिसतात. पण तलाव गाळाने भरत चालले आणि बेशरमाची झुडपे माजली. तलाव गेला तर शिंगाडाही जाईल आणि ढिवराचे घरही उपाशी राहील.

पावसाळ्यातल्या रानभाज्यांची नावे मी सगळी घेत नाही. तरोटा, कुरडू, काटवल, सात्या, कुड्याची फुले हे तुम्ही खाताच. वास्त्यांबद्दल मात्र बोलायला हवे. बांबूचे कोवळे कोंब बारीक चिरून, पाण्यात मुरवून, कडूपणा काढून चण्याच्या डाळीत घालतात. ही भाजी एकेकाळी चोरून आणावी लागे, कारण जंगल सरकारचे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि चित्र बदलले. हक्क आला तेव्हा किती वास्ते काढायचे आणि किती वाढू द्यायचे, हे ठरवण्याची जबाबदारीही गावाकडे आली. अन्नाची गोष्ट शेवटी हक्कापाशीच येते, असे माझे मत आहे.

आपल्या लग्नांत आज पनीर असते, बाहेरून आणलेले गुलाबजाम असतात. पाहुण्यापुढे लाखोळीचे वडे ठेवायला आपल्याला लाज वाटते. मोह, वास्ते, लाखोळी हे गरिबाचे खाणे, अशी समजूत आपण स्वतःच करून घेतली आहे. माझी एक विनंती आहे. येत्या वर्षी ज्यांच्या घरी लग्न आहे, त्यांनी पंगतीत एक वाढप झाडीचे ठेवावे. लाटा ठेवा, वडे ठेवा, जमेल ते ठेवा, आणि वाढणाऱ्याने पाहुण्याला त्याचे नाव मोठ्याने सांगावे. बचतगटाच्या बायांना त्याचे काम द्या आणि रोख पैसे द्या. पुढच्या शिवरात्रीला या यात्रेत लाट्याचे दुकान लागले पाहिजे, आणि ते मार्कंड्याच्याच बायांचे असले पाहिजे.