पाणी गेले कुठे?

श्रोते हो, मी पेशाने भूगोलाचा प्राध्यापक. मालमोटारीचे इंजिन हा माझा विषय नव्हे. खरे म्हणजे आज या ठिकाणी आमच्या मिस्त्रीला बसवायला हवे होते, पण तो म्हणतो, "गाडी आना, मंग सांगतो. गाडीबिगर काय सांगू?" तेव्हा त्याच्याकडून जे शिकलो ते मीच सांगतो. शिकलो ते फुकट नव्हे. फी भरली, आणि तिचा मोठा वाटा दुसऱ्यानेच भरला. ते ओघाने येईलच.

आमचे गाव सोनाळा. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. पाठीशी डोंगर आणि अंबाबारव्याचे जंगल, आणि दक्षिणेला उतरत गेलेले पूर्णेचे खोरे. डोंगराच्या कडेने विहिरींचे पाणी गोड, म्हणून संत्र्याच्या बागा. नदीकडे जावे तसा खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. हे मी वर्षानुवर्षे वर्गात नकाशा टांगून शिकवीत आलो आहे. धाकट्या भावाची बाग आहे, आणि कर्ज काढून घेतलेली एक जुनी मालमोटार.

मार्चअखेरची गोष्ट. मृग बहाराची संत्री भरून गाडी बुलढाण्याला निघाली. मला सुटी होती. हौसेने मीही केबिनमध्ये बसलो. वरवट बकाल मागे टाकून पूर्णेच्या अलीकडे आलो, तेव्हा क्लीनरचा पोरगा म्हणाला, "सर, पानी कमी वाट्टे." रस्त्याकडेच्या हापशावरून दोन डबे भरले, रेडिएटरमध्ये ओतले, एक डबा सोबत घेतला. गेले दोन महिने हे रोजचेच होते. गाडी पाणी खाते, आपण घालतो, असा सरळ हिशेब. शेगाव झाले, खामगाव झाले, आणि भरल्या गाडीने बोथ्याचा घाट चढू लागलो. निम्म्या चढावर काटा लाल रेघेला टेकला आणि पुढून वाफ उठली.

भावाने गाडी कडेला घेतली आणि चाकांना दगड लावायला तो खाली उतरला. जाताना म्हणाला, "दादा, झाकनाले हात लावू नका." मला मात्र संत्री दिसत होती, ऊन दिसत होते. मी पोराला म्हटले, "अरे, पाहत काय उभा राहिलास? उघड आणि पाणी घाल." त्याने गोणपाट हाताला गुंडाळले आणि झाकण फिरवले. पुढचे वर्णन करीत नाही. त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला; मान थोडक्यात वाचली. आणि एवढे होऊनही, गाडी तरी वाचवावी म्हणून, मी स्वतः उरलेला डबा त्या तापल्या इंजिनात रिकामा केला. आतून टणकन आवाज आला. हेडला तडा गेला होता.

आता याचे कारण ऐका. रेडिएटरचे झाकण म्हणजे पातेल्यावरची ताटली नव्हे. ते कुकरच्या झाकणासारखे दाब धरून ठेवते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. झाकणाने वातावरणाच्या दाबावर आणखी अर्धा दाब धरला तर सुमारे १११ अंशांना, आणि आणखी एक पूर्ण दाब धरला तर सुमारे १२० अंशांना. म्हणजे आत पाणी शंभराच्या वर तापूनही शांत असते. झाकण काढले की दाब जातो आणि ते सगळे एका क्षणात उसळते. गोणपाट तिथे काय करणार? वाफ येत असेल तर थांबावे. पाणी शिल्लक असेल आणि पंखा फिरत असेल तर इंजिन मिनिट-दोन मिनिटे नुसते चालू ठेवून मग बंद करावे. पाणीच गेले असेल तर तत्काळ बंद करावे. मग किमान अर्धा तास, शक्य तर जास्तच, सावलीला बसावे. वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवल्यावर झाकण जाड फडक्याने थोडे फिरवून आधी दाब जाऊ द्यावा, मग काढावे. पाणी घालायचे ते हळूहळू, इंजिन मंद चालू ठेवून.

पोराला दवाखान्यात पोचवून, गाडी ओढून मिस्त्रीकडे नेली. मी आपली घाटाची कथा सुरू केली. त्याने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "सर, दोन महिन्यांपासून पानी घालता. ते जाते कोठी?" मी म्हटले, इंजिन तापते, पाणी आटते. तो हसला नाही. म्हणाला, "इंजन डिझल पेते जी. पानी पेत नाई."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. डिझेल जळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक धुराबरोबर जातो, आणि उरलेला पाण्याने वाहून न्यायचा असतो. पंप ते पाणी इंजिनाच्या भिंतींमधून फिरवतो, रेडिएटरच्या नळ्यांत ते निवते आणि परत येते. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. ते कमी होत असेल तर कुठून तरी बाहेर जात आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत पाणी घालणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

आमच्या गाडीची जागा त्याने दोन मिनिटांत दाखवली. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की तिथून पाणी ठिबकते, तेही गाडी चालू असतानाच. आणि गरम लोखंडावर पडून तिथल्या तिथे उडून जाते. म्हणून खाली थेंब दिसत नाही. मागे राहतो फक्त पांढरा ओघळ. तो ओघळ आमच्या पंपाखाली बोटभर रुंद होता. खारपाणपट्ट्यातल्या हापशाच्या ओट्यावर जो पांढरा थर धरतो, तोच! मी नकाशावर दाखवीत होतो ते मीठ माझ्या भावाच्या इंजिनावर वाळले होते, आणि मी त्याच्याच शेजारी बसून संत्री सोलत होतो.

बाहेरची गळती अशी डागांवरून ओळखावी. होज पाइपची टोके, क्लिपा, रेडिएटरचे सांधे, पंप. झाकणाचे रबरही पाहावे; ते कडक झाले असेल तर पाणी उतू जाण्याच्या नळीने निघून जाते, आणि एवढ्याशा झाकणापायी लोक आख्खा रेडिएटर उतरवतात. तरीही सापडले नाही, तर मिस्त्री गार इंजिनाच्या रेडिएटरला झाकणाच्या जागी हातपंप बसवून दाब देतो. काटा खाली येऊ लागला की गळती आहे हे नक्की, आणि पाणी कुठे फुटते ते दिसते.

काटा पडतो पण बाहेर थेंब नाही, असे झाले तर मात्र पाणी आत जाते आहे. त्याच्या खुणा वेगळ्या. तेलाची कांडी काढून पाहावी: तेल दुधाच्या चहासारखे झाले असेल, तर गाडी पुन्हा सुरूसुद्धा करू नये. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. गार इंजिन झाकण काढून सुरू केले तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात. म्हणजे हेड गॅसकेट गेले किंवा हेडला तडा आहे. आमच्या कांडीवर तो चहा होता. पंपाचे सील स्वस्तात झाले असते. हेडच्या खर्चाने भावाचे चार हप्ते थकले.

पाणी पुरते आहे आणि गाडी तरीही तापते, हे निराळे प्रकरण. पट्टा सैल आहे का, पंखा नीट फिरतो का ते पाहावे. कापसाच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत सरकीचे तंतू आणि धूळ यांची गादी बसते. ती इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवावी. इंजिन तापले आणि वरचा पाइप गारच, तर थर्मोस्टॅट अडकला असेल. वरचा कढत आणि खालचा अगदी गार, तर नळ्या बुजल्या असतील.

नळ्या बुजतात त्या पाण्यानेच. खारे पाणी धातू खाते, हे सांगायला नको. पण आमच्या पायथ्याचे लोक म्हणतात, आमचे पाणी गोड आहे. श्रोते हो, गोड म्हणजे मऊ नव्हे. ज्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, ते तापले की भांड्याच्या तळाशी चुना धरते. इंजिनातही तसाच धरते, आणि चुन्याचा थर उष्णता अडवतो. वर गळती बुजवायला हळद टाकण्याची आपली जुनी रीत! हळद भोक बुजवते, हे खरे. नळ्याही बुजवते.

मग घालायचे काय? बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, आणि कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बांधायला घेतल्या. त्या जर्मनीत हिवाळ्यात इंजिनातले पाणी गोठून इंजिन फुटते, म्हणून हा द्रव घालतात. आणि आपल्याकडे बर्फ कुठला, तेव्हा तो पैसा वाया, अशी पुष्कळांची समजूत आहे. पण तो गंजही रोखतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वर नेतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात त्याची गरज जर्मनीइतकीच. दोन जातींचे कूलंट मात्र एकत्र करू नये. आणि नेहमीचे कूलंट चवीला गोड पण विषारी असते. काढलेले पाणी उघड्यावर ठेवले की कुत्री आणि वासरे पितात.

भाऊ आता रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकतो. सकाळी त्यावर डाग पडला असेल तर तो नेमका कशाच्या खाली आहे ते पाहतो. क्लीनरचा पोरगा आता स्वतः गाडी चालवतो. हातावरचा डाग गेलेला नाही. परवा मी सहज बॉनेटपाशी गेलो, तर तो म्हणाला, "सर, तुमी थोडं तिकडं उभे राहा."