जुन्या मोटारींची पेढी आणि संगणकावरील खतावणी

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यांत जुन्या मोटारींची पेढी काढीत आहे. आईचे दागिने त्यापायीं गहाण पडले आहेत. सॉफ्टवेअर कोणतें घ्यावें, असें त्यानें विचारलें. मीं म्हटलें, रंगीत आलेख राहूं देत. प्रत्येक गाडीची खरेदीची किंमत तिच्या क्रमांकाशीं बांधलेली राहते कीं नाहीं, तें आधीं पाहा. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवरील १८ टक्के कर विक्रीवर नसून फरकावर आहे. ४ लाखांस घेतलेली गाडी कर वगळून साडेचार लाखांस गेली, तर कर ५० हजारांवर, म्हणजे ९ हजार. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून परिवहन कार्यालयाचें अधिकारपत्र लागतें, व गाडी बाहेर काढल्याची नोंदहि संगणकावर ठेवावी लागते.

ओएलएक्ससारख्या बाजारांतील जाहिरात विक्री होतांच त्याच यादींतून उतरावी. नाहींतर ठाण्याहून आलेलें गिऱ्हाईक रिकाम्या हातांनीं परततें. सध्यां त्यानें दोन कंपन्यांकडून चाचणीपुरती प्रत मागविली आहे.